उधारी, वही आणि न्यायालय

व्यापाऱ्याला भांडवलाची चणचण जितकी जाचत नाही, तितकी अडकलेली वसुली जाचते. माल गेला, मुदत उलटली, वायद्यांमागून वायदे मिळू लागले, की पेढीवर बसणाऱ्यापुढे दोनच मार्ग उरतात: न्यायालय किंवा ओळख. आपल्या देशात बहुतेक जण दुसरा मार्ग धरतात, आणि त्यामागे कायद्याविषयी अनादर असतोच असे नाही.

न वटलेल्या धनादेशाचेच पाहावे. कलम १३८ अन्वये सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यावी लागते. पुढे १५ दिवसांत पैसे न आल्यास महिन्याभरात तक्रार दाखल करता येते. खटला सहा महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदाच सांगतो. प्रत्यक्षात २०१९ च्या अखेरीस देशात अशी सुमारे ३५ लाख प्रकरणे प्रलंबित होती. चार लाखांच्या वसुलीसाठी वर्षानुवर्षे तारखांना जाणारा दुकानदार दुकान केव्हा सांभाळणार?

ही अडचण नवी नाही आणि तिच्यावरील तोडगाही नवा नाही. शाहजोग हुंडीचे पैसे केवळ ‘शाह’ म्हणजे बाजारात पत असलेल्या माणसालाच दिले जात. त्यामुळे चोरलेली हुंडी वटवणे कठीण होई. हुंडी गहाळ झाल्यास ‘पेठ’, तीही हरवल्यास ‘परपेठ’ लिहून दिली जाई. ही शिस्त कोणत्याही सरकारने घालून दिलेली नव्हती. उलट १८८१ च्या परक्राम्य संलेख कायद्यानेच देशी भाषांतील हुंड्यांचे स्थानिक रिवाज मान्य केले.

आज हुंडीची जागा दलालाच्या शब्दाने, पहिल्या लहानशा खेपेने आणि रोखीच्या वटावाने घेतली आहे. मात्र या व्यवस्थेची किंमत मोजावी लागते. बुडीत उधारीचा अंदाज विक्रेता भावातच धरतो. म्हणजे वेळेवर पैसे देणारा गिऱ्हाईक न देणाऱ्याचाही भार वाहतो. शिवाय ओळखीवर चालणारा धंदा ओळखीपुरताच वाढतो. ज्याचे आडनाव बाजाराला ठाऊक नाही, तो कितीही सचोटीचा असला तरी त्याला उधार माल मिळत नाही. आणि आपल्या घरातील मुलगी वा सून दूरच्या राज्यात नवा व्यवसाय मांडते, तेव्हा तीही तेथे अनोळखीच असते.

कच्च्या चिठ्ठीवरील व्यवहाराला तर ओळखीखेरीज आधारच नसतो. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत ‘विरुद्धराज्यातिक्रम’ गणला आहे, हे येथे आठवावे. जो व्यवहार कायद्यापासून लपवला, त्याच्यासाठी कायद्याकडे दाद कशी मागणार?

२००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याने लहान उत्पादक व सेवा-व्यावसायिकांना ४५ दिवसांत पैसे मिळण्याचा हक्क दिला. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला ती प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून वजा करता येत नाही. या दुसऱ्या तरतुदीची धास्ती पहिलीपेक्षा अधिक बसली, कारण तीत न्यायालय मध्ये येत नाही. परंतु व्यापारी वर्गाने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जुलै २०२१ मध्ये घाऊक व किरकोळ व्यापाराला ‘उद्यम’ नोंदणी खुली झाली ती केवळ अग्रक्रम क्षेत्रातील कर्जापुरती. केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या पेढीला ४५ दिवसांचे संरक्षण त्या नोंदणीने मिळत नाही.

तिच्या हाती उरतो तो कागद. नियमितपणे लिहिलेली वहीदेखील एकटी ऋण सिद्ध करण्यास पुरेशी नसते. तिला सही केलेले चलन, मागणीपत्र यांची जोड लागते. वसुलीच्या दाव्याची मुदत साधारणतः तीन वर्षांची. ती संपण्यापूर्वी देणेकऱ्याने बाकी लेखी मान्य केली, तर मुदत नव्याने सुरू होते. पण साडूकडे किंवा व्याह्यांकडे सही मागायची कशी, हा खरा पेच. त्यावर काही पेढ्यांनी साधा उपाय योजला आहे: ३१ मार्चनंतर बाकी-मान्यतेचे पत्र सरसकट सर्व खात्यांना, सख्ख्या भावाच्या पेढीलाही, एकाच दिवशी पाठवायचे.