पोरांना पळायला पाणंद मोकळी करा



ऊस विकास खात्याच्या माणसाने पळण्या-धावण्यावर लिहावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. बेणे, लागण आणि खतांचे हप्ते यांवर लिहावे हा आमचा धर्म. पण गळीत हंगामात पहाटे पाचला तोडीच्या फडाकडे जाताना रस्त्याच्या कडेने जी पोरे पळताना दिसतात, ती तुमचीच आहेत. अंगात काळा बनियन, कानात गाणी, समोरून मोटारीचा झोत आणि मागून दोन ट्रेलर जोडलेला ट्रॅक्टर. उसाची टोके हातभर बाहेर आलेली. मागे रिफ्लेक्टर असलाच तर चिखलाने माखलेला. आमच्या तर पोटात गोळा येतो.

ही पोरे हौसेने पळत नाहीत. पोलीस भरतीला मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर पळावे लागते, त्याची ही तयारी. दोन एकराचे चार वाटे झाल्यावर घरातल्या एकाने तरी नोकरी धरावी, हा विचार चुकीचा कोण म्हणेल? प्रश्न एवढाच, की त्यांनी पळावे कुठे?

गावागावांतून पाणंदी होत्या. दोन बैलगाड्या समोरासमोर निघतील एवढ्या रुंद. आज ऊस नोंदीला गेलो की पाणंद शोधावी लागते. एक सरी इकडून आत आली, एक सरी तिकडून आली, आणि मधे राहिली ती पाऊलवाट. त्या चार सऱ्यांत मिळून किती टन ऊस निघतो, याचा हिशेब आम्हांला विचाराल तर सांगू. कडेचा ऊस, त्यात जनावरांची तोंडे आणि उंदीर! पण तोडीच्या वेळी ट्रॅक्टर आत जाईना म्हणून शेतकी खात्याच्या नावाने शंख करणारे सभासद तेच.

आमचे नात्यागोत्याने पेण तालुक्यात जाणेयेणे असते. वडखळ म्हणजे मुंबई-गोवा रस्त्याला अलिबागचा फाटा फुटतो ते गाव. अवजड वाहनांची रात्रंदिवस रीघ. महामार्गाचे रुंदीकरण २०११ साली सुरू झाले आणि वर्षानुवर्षे रेंगाळले. कडेने चालायचीसुद्धा पंचाईत, तिथे पळणार कोण? त्या भागात ऊस नाही. भातखाचरे, आणि खाडीचे खारे पाणी आत शिरू नये म्हणून घातलेले मातीचे लांबच लांब बांध. तिथली काही पोरे डांबर सोडून या बांधांवर पळताना आम्ही पाहिली. खाली दाबलेली माती, बाजूला खाडीचा वारा, मोटार नाही की धूर नाही. तो बांध कोरायला सहसा कोणी धजत नाही, कारण कोरला तर खारे पाणी सगळ्यांच्याच भातात. आपल्या पाणंदीला कोरले तर काही वाहून येत नाही, एवढाच फरक!

आता सरावाविषयी. पहिल्याच आठवड्यात घड्याळ लावून जीव खाऊन पळायचे आणि तिसऱ्या आठवड्यात नडगी धरून बसायचे, असे बहुतेकांचे चालते. उसाला आपण नत्र एकदम देतो का? लागणीला १० टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी ४०, बारा ते सोळा आठवड्यांनी १० आणि मोठ्या बांधणीला ४०. शरीराचेही तसेच. पहिले दोन महिने बहुतेक दिवस सोबत्याशी बोलता येईल इतक्याच वेगाने पळावे. बोलता येईना म्हणजे वेग जास्त झाला. या संथ पळण्याने हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलू लागते, स्नायूंतल्या बारीक रक्तवाहिन्या वाढतात. जोराचे पळणे आठवड्यातून एक-दोनदा पुरे, आणि एक दिवस पूर्ण विसावा. दम लवकर वाढतो, हाडाला मात्र जास्त वेळ लागतो. नडगी धरते ती याचमुळे. रस्त्यावर पळावेच लागले तर उजव्या कडेने, समोरच्या वाहनांकडे तोंड करून, अंगात पांढरा सदरा घालून.

ज्या बीड जिल्ह्यातून आपल्याकडे तोडणीच्या टोळ्या येतात, त्याच जिल्ह्यात आष्टी तालुक्यातले मांडवा हे अविनाश साबळे यांचे गाव. आईवडील वीटभट्टीवर राबणारे, शाळा सहा किलोमीटर दूर. ते अंतर ते रोज चालत-पळत तोडीत. बारावीनंतर सैन्यात गेले आणि पुढे अडथळ्यांच्या ३००० मीटर शर्यतीत उतरले. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी रौप्यपदक घेतले. १९९८ पासून या शर्यतीची तिन्ही पदके केनियाच्याच धावपटूंकडे जात होती. २०२३ ला हांगचौच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण, २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकची अंतिम फेरी. माण तालुक्यातल्या मोही गावच्या ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये याच शर्यतीत दहाव्या आल्या. माण म्हणजे दुष्काळी मुलूख. तिथली मुलगी पळू शकते, आणि आपल्या बागायती गावातल्या मुलीला पहाटे डांबरी रस्त्यावर कोणी सोडत नाही. घराजवळची पाणंद मोकळी असेल तर चार मुली मिळून निर्धास्त जातील.

राहता राहिले आपण. "शेतात राबतो, आम्हांला कसला व्यायाम?" असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. खरे सांगा, दारे धरायला माणूस लावला, मोटार मोबाईलवर चालू होते, बांधापर्यंत फटफटी. राबणे उरले कितीसे? जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला आठवड्याला निदान १५० मिनिटे झपाझप चालण्याइतका व्यायाम सांगते. म्हणजे पाच दिवस अर्धा तास. गुडघे धरलेल्यांनी पळू नये, चालावे. ऊस आतूनही पाहून होईल.

पाणंदीचा वाद तहसीलदारांकडे नेता येतो, मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ त्यासाठीच आहे. पण तारखा घेत बसण्यात हशील नाही. या हंगामात ज्यांचा पाणंदीकडेचा ऊस तुटेल, त्यांनी कडेची सरी खोडव्याला धरू नये. समोरासमोरच्या दोन्ही सभासदांनी मिळून गट कार्यालयात कळवावे. आम्ही टेप घेऊन येतो.