खाली सोडलेले हात आणि ‘उपजत’ नावाची लबाडी

गोऱ्या जेम्स कॉर्बेटने १८९२ मध्ये जॉन सुलिव्हनला हरवले ते अंगावर न जाता, मागे सरकत, ठोसे चुकवत आणि समोरच्याला दमवत. अमेरिकेतील वर्तमानपत्रांनी त्याला बुद्धिमान लढवय्या ठरवले. त्याची लढत म्हणजे शास्त्र, असे लिहिले गेले. पुढे जॅक जॉन्सन हा काळा मुष्टियोद्धा याच पद्धतीने लढू लागला आणि १९०८ मध्ये सिडनीत टॉमी बर्न्सला हरवून हेवीवेटचा पहिला काळा जगज्जेता झाला. त्याच्या बचावाला मात्र आळशीपणा म्हटले गेले, भित्रेपणा म्हटले गेले. कृती तीच, पण माणसाचा रंग बदलला की कृतीचे नावही बदलले. हा खेळ आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

पुढे काळ्या माणसाला भित्रा म्हणणे अवघड होऊ लागले, तेव्हा दुसरा शब्द सापडला. तो शब्द म्हणजे ‘उपजत’. मुहम्मद अलीच्या बाबतीत तो इतका वापरला गेला की त्याचे चाहतेही तोच बोलू लागले.

अली हात कमरेजवळ सोडून लढायचा. मुष्टियुद्धाच्या कोणत्याही आखाड्यात पहिल्या दिवशी शिकवतात की हात वर, हनुवटी खाली. अलीने दोन्ही मोडले. ठोसा आला की तो खाली वाकत नसे, सरळ मागे झुकायचा. हेही पुस्तकाप्रमाणे चूकच. तरीही ठोसा त्याच्या चेहऱ्यापुढे बोटभर अंतरावर संपायचा. जाणकार म्हणवणारे म्हणत, याला काही येत नाही, निसर्गाने चपळाई दिली आहे म्हणून निभावते.

आता हे नीट तपासले पाहिजे. हात खाली असले की खांदे सैल राहतात आणि सैल खांद्यातून ठोसा लवकर निघतो. डावा हात कमरेकडून येतो म्हणून तो समोरच्याच्या नजरेच्या खालून वर येतो आणि उशिरा दिसतो. स्वतःचे हातमोजे डोळ्यांपुढे नसल्याने समोरच्याचे सगळे शरीर दिसते. आणि मुख्य मुद्दा असा की, ठोसा निघाल्यावर तो पाहून डोके हलवायचे म्हटले तर वेळ पुरत नाही. ठोसा निघण्याआधी खांदा हलतो, पायावरचा भार बदलतो, नजर बदलते. ते वाचावे लागते. अंतर पायांनी राखावे लागते. हे वाचन जन्माला येताना कोणी घेऊन येत नाही. बाराव्या वर्षी सायकल चोरीला गेली म्हणून हा मुलगा लुईव्हिलच्या आखाड्यात शिरला आणि सहा वर्षांनी, १९६० मध्ये, रोमला ऑलिम्पिक सुवर्णपदक जिंकले. मधल्या वर्षांत तो धाकट्या भावाला स्वतःवर दगड फेकायला सांगून ते चुकवत असे. या कथेत जो मार्टिन या गोऱ्या पोलीस अधिकाऱ्याचे नाव सर्वांना माहीत आहे. पण त्याच शहरात फ्रेड स्टोनर नावाचा काळा प्रशिक्षक होता आणि त्याने आपल्याला घडवले, असे अली स्वतः सांगत असे. स्टोनरचे नाव किती जणांना ठाऊक आहे? ‘उपजत’ म्हटले की शिकणाऱ्याचे कष्ट तर पुसले जातातच, शिकवणाराही पुसला जातो.

आमच्यासाठी अली हा केवळ खेळाडू नव्हता. १९७२ साली मुंबईत दलित पँथरने ज्या चळवळीवरून नाव घेतले, त्याच काळ्या अमेरिकेचा तो माणूस. १९६४ मध्ये लिस्टनला हरवल्यावर त्याने धर्म बदलल्याचे जाहीर केले आणि गुलामगिरीतून आलेले नाव टाकून दिले, ही गोष्ट आपल्या लोकांना कुठेतरी आतून कळते. पण प्रेम करायचे म्हणून डोळे झाकायचे काय? या पद्धतीत एक भगदाड होते आणि ते सुरुवातीपासून दिसत होते. १९६२ मध्ये सॉनी बँक्सने त्याला खाली पाडले, ते डाव्या हुकने. १९६३ मध्ये लंडनला हेन्री कूपरने पाडले, तेही डाव्या हुकने. १९७१ मध्ये पंधराव्या फेरीत जो फ्रेझरने पाडले, तोही डावा हुकच. उजवा हात खाली आणि हनुवटी उघडी, म्हणजे दार त्याच बाजूला होते. फ्रेझरच्या गोटातील एडी फच या काळ्या प्रशिक्षकाने ते नेमके हेरले होते. अली उजवा अपरकट मारायला हात खाली नेतो त्या क्षणी डावा हुक सोड, हे त्याचे सांगणे होते.

पहिल्या दोघांच्या वेळी अली लगेच उठला आणि जिंकला, कारण पाय शाबूत होते. मग १९६७ आले. व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात जायला त्याने नकार दिला. खटल्याचा निकाल लागण्याआधीच परवाना गेला, किताबही गेला. २२ मार्च १९६७ नंतर त्याची पुढची लढत झाली २६ ऑक्टोबर १९७० रोजी. म्हणजे पंचविसाव्या वर्षापासून अठ्ठाविसाव्यापर्यंतची वर्षे. ज्याचा सगळा बचाव वेगावर उभा आहे त्याच्याकडून वेगाचीच वर्षे काढून घेतली. १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध शून्य मतांनी शिक्षा रद्द केली, परंतु न्यायालय पाय परत देऊ शकत नव्हते. परतलेला अली दोरांना टेकून मार खायला शिकला. १९७४ मध्ये किन्शासात फोरमनला त्याने तसेच हरवले आणि जगाने टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांत एक गोष्ट झाकली गेली. पूर्वी जो ठोसा हवेत जायचा, तो आता शरीरावर पडत होता.

हात खाली ठेवणाऱ्या प्रत्येकाचे हेच होते काय? रॉय जोन्स ज्युनियरचे झाले. सोलला १९८८ मध्ये पंचांनी त्याचे सुवर्णपदक उघड उघड हिरावले, तरी तो मिडलवेटपासून हेवीवेटपर्यंत विजेता झाला. १५ मे २००४ रोजी, पस्तिसाव्या वर्षी, टार्व्हरच्या एका डाव्या ठोशाने तो दुसऱ्या फेरीत कोसळला. चारच महिन्यांनी ग्लेन जॉन्सनने त्याला पुन्हा बेशुद्ध पाडले. त्यानंतरही तो वर्षानुवर्षे लढत राहिला. शेफिल्डचा येमेनी वंशाचा नसीम हमीद २००१ मध्ये बरेराकडून हरला, पुढच्या वर्षी एक लढत लढला आणि अठ्ठाविसाव्या वर्षी घरी गेला. त्याला लोक नाउमेद झालेला म्हणतात. मी तसे म्हणणार नाही. फ्लॉइड मेवेदरचाही डावा हात खाली असे, पण त्याची हनुवटी खांद्यामागे लपलेली असे. त्याने वेगाबरोबर एक भिंतही ठेवली होती आणि चाळिशीपर्यंत ती टिकली.

माझा राग आहे तो थांबवण्याच्या प्रश्नावर. १९७७ मध्ये शेव्हर्सबरोबरच्या लढतीनंतर अलीचे डॉक्टर फर्डी पाचेको यांनी मूत्रपिंडे बिघडल्याचा अहवाल त्याला आणि त्याच्या भोवतीच्यांना पाठवला. उत्तर आले नाही. पाचेको बाहेर पडले. १९८० मध्ये मेयो क्लिनिकमध्ये तपासणी झाली आणि नेवाडाच्या आयोगाने अडतीस वर्षांच्या अलीला परवाना दिला. तेरा वर्षांपूर्वी विवेकाच्या प्रश्नावर परवाना काढून घ्यायला अमेरिकेतील आयोगांना एक दिवसही लागला नव्हता. शरीराच्या प्रश्नावर मात्र कोणाचा हात आखडला नाही, कारण लास वेगासमध्ये तिकिटे विकली जाणार होती. २ ऑक्टोबर १९८० रोजी लॅरी होम्सने, जो एकेकाळी अलीचाच सराव-जोडीदार होता, दहा फेऱ्या मारले. मारता मारता तो पंचाकडे पाहत होता, थांबवा म्हणून. शेवटी अँजेलो डंडीने थांबवले. तरी १९८१ मध्ये बहामाजला आणखी एक लढत झालीच. १९८४ मध्ये पार्किन्सन्सचे निदान झाले. त्यात ठोशांचा वाटा किती यावर वैद्यकांत मतभेद आहेत. होम्सच्या लढतीबद्दल मात्र मतभेद असण्याचे कारण नाही.

येथे मला पुन्हा एडी फच आठवतो. १ ऑक्टोबर १९७५, मनिला. चौदा फेऱ्या झाल्या होत्या, एकच उरली होती. फ्रेझरचे डोळे सुजून मिटत आले होते आणि तो लढायला उठत होता. जिंकण्याचीही शक्यता होती, कारण समोर अलीची अवस्था फारशी वेगळी नव्हती. फचने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवले आणि लढत संपवली. फ्रेझर संतापला. आज तू इथे जे केलेस ते कोणी विसरणार नाही, एवढेच फच त्याला म्हणाला.