ज्वारीच्या शेताचा फोटो

वर्गात मोबाईल दिसला की माझ्यातला जुना पंतोजी जागा होतो. फोन काढून घ्यायचा आणि तास संपल्यावर चार शब्द सुनावून परत द्यायचा, हा माझा नेम. या पावसाळ्यात तो मोडला. त्याची हकीकत, त्या मुलाच्या परवानगीने आणि ओळखीच्या खुणा बदलून, सांगतो.

मुलगा मूळचा जत तालुक्यातला; मुलुंडला मामांकडे राहतो. फोन घ्यायला आला तेव्हा त्याचे हात कापत होते. "सर, कोणाचा मेसेज दिसला का?" मी नाही म्हटले. तो मटकन बाकावर बसला आणि सगळे बोलून गेला.

आपले मन मुलींकडे नाही, मुलांकडे ओढते, हे त्याला गावातच उमगले होते. पण पारावर बसून हे कोणाला सांगणार? मग टिकटॉकवर खेड्यातलीच, आपल्यासारखी माणसे मोकळेपणी बोलता-नाचताना दिसली. 29 जून 2020 रोजी सरकारने टिकटॉकवर बंदी घातली. "सर, अख्खी गल्ली गाव सोडून गेल्यागत वाटलं." पुढे इन्स्टाग्रामवर त्याने दोन खाती उघडली. एक खऱ्या नावाचे. त्यात विठोबा, बैलपोळा, मामांचा वाढदिवस. दुसऱ्यावर चेहरा नाही, नुसता ज्वारीच्या शेताचा फोटो. त्या शेताआडून तो मनातले बोले. तिथेच एकाने गोड बोलून याचे छायाचित्र मिळवले. आता तो पैसे मागत होता, नाहीतर गावच्या ग्रुपवर टाकीन म्हणत होता. दोन हजार गेलेही होते.

मी त्याला सांगितले, 6 सप्टेंबर 2018 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून सज्ञान माणसांचे संमतीचे असे संबंध गुन्हा नाहीत. धमकावून पैसे उकळणे मात्र गुन्हाच आहे. आम्ही सारे मेसेज जपून ठेवले आणि 1930 या क्रमांकावर तक्रार केली. धमक्या थांबल्या.

जाताना त्याने विचारले, "सर, 'मित्राची गोष्ट' शिकवलीत ना? त्या मित्राकडे फोन असता तर?"

तेंडुलकरांचे हे नाटक 1981 सालचे. मित्रा एका मुलीवर प्रेम करते, एकटी पडते आणि अखेर जीव देते. मी दरवर्षी त्याची रचना समजावतो. मागच्या बाकांवर कोणी फिदीफिदी हसले, तर ऐकून न ऐकल्यासारखे करतो. या मुलाने ते हसणे ऐकले होते आणि माझे गप्प राहणेही.

मुंबईत 1990 साली अशोक राव कवींनी 'बॉम्बे दोस्त' काढले, 1994 साली 'हमसफर ट्रस्ट' उभा राहिला. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी 'समपथिक' चालवले. पण आडगावच्या पोराला ही नावे कळायला हातात फोनच यावा लागला. मित्राला फोनवर एखादी मैत्रीण भेटली असती, एखादा लुबाडणाराही भेटला असता. त्या वेळी जवळ बसून ऐकणारे माणूस मात्र घरातच हवे, वर्गातच हवे.

दिवाळीला तो गावी जाणार आहे. घरी कधी सांगायचे, हे त्याचे त्याने ठरवावे. माझ्यापुरते ठरले आहे : पुढच्या वेळी वर्गात कोणी हसले, तर नाटक बाजूला ठेवून आधी त्या हसण्यावर बोलायचे.

तुमच्याही घरी गावाकडचा एखादा भाचा असेल, फोन उपडा ठेवणारा. त्याचा फोन तपासू नका. फराळाची बशी पुढे करा आणि जरा वेळ त्याच्याजवळ बसा.