दूधसागरला उतरू नका

पावसाची पहिली सर पडली की पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना मी आठवतो. मी बेळगावात राहतो, म्हणजे त्यांच्या हिशेबी दूधसागर धबधब्याच्या दारातच. वर्षभर कुणी विचारपूस करत नाही. जूनमध्ये मात्र एकदम ‘मामा, कसे आहात?’ आणि पुढच्याच वाक्यात, ‘शुक्रवारी रात्री निघून सोमवारी सकाळी ऑफिसात, दूधसागर होईल ना?’ गेल्या खेपेला भाच्यानं वरची पायरी गाठली. ‘मामा, रेल्वेत कुणी ओळखीचं आहे का? दूधसागरला दोन मिनिटं गाडी थांबवायला सांगता आली तर बघा ना.’ अख्खी एक्सप्रेस, तिच्यातले शेकड्यांनी प्रवासी, घाटासाठी जोडलेली जादा इंजिनं आणि मागं खोळंबलेली मालगाडी, एवढा सगळा पसारा याच्या एका फोटोसाठी उभा राहायचा. यात काही गैर आहे असं त्याला मनापासून वाटत नव्हतं. म्हणून हे लिहितो आहे.

त्यांचा तो ‘प्लॅन’ मी वाचला आहे. शनिवारी सकाळी बागा, दुपारी मासळीची थाळी, संध्याकाळी किल्ला आणि रात्रीचं जे काय ते. रविवारी पहाटे दूधसागर, परतताना मसाल्याची बाग, वाटेत मंगेशी, जमलं तर जुन्या गोव्यातली चर्चं, आणि रात्री स्लीपर बस. नाश्त्याला कुठं थांबायचं हे त्यात आहे. सगळ्यांनी कुठल्या रंगाचा टी-शर्ट घालायचा हे आहे. ड्रोन कुणी आणायचा तेही आहे, आणि अभयारण्यात तो परवानगीशिवाय उडवता येत नाही हे अर्थातच नाही. ज्याच्यासाठी एवढी धावपळ, त्या पाण्याबद्दल मात्र एक ओळ नाही. ते कधी असतं, कुठून येतं, किती वेळात वाढतं, त्याच्यापर्यंत जायची वाट कोणत्या महिन्यात उघडी असते, हे विचारायचं कुणाच्या डोक्यातही आलेलं नसतं.

मुळात दूधसागर आहे कुठं हेच बहुतेकांना माहीत नसतं. गोवा म्हटलं की किनारा, आणि किनाऱ्यावरून सगळं भाड्याच्या स्कूटरच्या टप्प्यात, अशी समजूत. बागा-कळंगुटहून धबधब्याच्या बाजूच्या कुळें गावाला पोचायला दोन तास सहज जातात. आणि कुळें म्हणजे धबधबा नाही. तिथून पुढं भगवान महावीर अभयारण्य आणि मोलें राष्ट्रीय उद्यान, दोन्ही मिळून 240 चौरस किलोमीटरचं रान. त्यातून दहा-बारा किलोमीटर कच्ची वाट, तीही नोंदणी असलेल्या जीपनंच जायची. तुमची नवी कोरी एसयूव्ही कुळेंलाच उभी राहते. ही जीप ओढे ओलांडते म्हणजे पुलावरून नाही, सरळ पाण्यातून जाते. शेवटचा टप्पा दगडगोट्यांवरून पायी. पावसाळ्यात ते ओढे अंगावर येतात, म्हणून जीप बंद. पाणी उतरलं की ऑक्टोबरात सुरू होते. पुढं उन्हाळ्यापर्यंत चालते खरी, पण एप्रिल-मेमध्ये तिथं काय उरलेलं असतं? कातळावरून ओघळणाऱ्या चार धारा आणि खाली डबक्यात लाइफ जॅकेट घालून उभी असलेली पन्नास माणसं.

फोनमध्ये साठवलेलं ते पांढरंशुभ्र चित्र, साधारण 310 मीटर उंचीवरून चार टप्प्यांत कोसळणारं आणि मधून गाडी जाणारं, ते जुलै-ऑगस्टचं असतं. ज्या महिन्यात वाट आहे त्या महिन्यात ते चित्र नाही, आणि ज्या महिन्यात ते चित्र आहे त्या महिन्यात वाट नाही. सगळ्या भानगडीचं मूळ एवढंच आहे. भर पावसातला धबधबा, त्याच्या पायथ्याशी आपण, आणि तेही एका रविवारी, असं तिन्ही एकदम हवं असलेला माणूस शेवटी रुळांवर उतरतो.

तर आता रुळांबद्दल. 1878 मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात करार झाला आणि मुरगाव बंदरापासून घाटावर चढणारी ही लाइन 1880च्या दशकात पडली. घाटमाथ्यावर कॅसल रॉकला इंग्रजांची हद्द, खाली कुळेंला पोर्तुगिजांची चौकी. माल बंदरात उतरवायचा आणि बंदरातून वर चढवायचा, हा तिचा धंदा होता आणि आजही आहे. मुरगावला उतरलेला कोळसा याच घाटानं कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे जातो. कॅसल रॉक ते कुळें हा साधारण 26 किलोमीटरचा घाट दर 37 फुटांना एक फूट चढतो. रेल्वेच्या हिशेबात हा भयंकर चढ आहे, म्हणून गाडीला जादा इंजिनं लावावी लागतात. या वाटेत धबधबा आडवा आला, म्हणून त्याच्यासमोर पूल बांधला गेला. तुम्हाला धबधबा दाखवायला कुणी हा पूल घातलेला नाही. 2013 मध्ये ‘चेन्नई एक्सप्रेस’ आला आणि त्यातली गाडी नेमकी धबधब्यासमोर थांबली. ती सिनेमातली गाडी होती, हे लोकांना पटवून देता देता रेल्वे पोलिसांचे घसे बसले.

एरवी शहाणीसुरती, बँकेत आणि आयटीत कामं करणारी माणसं कुळेंहून किंवा कॅसल रॉकहून रुळांवरून चालत निघतात. बोगद्यात अंधार असतो, बाजूला सरकायला जागा नसते, बाहेर पावसाचा असा आवाज असतो की मागून येणारी गाडी ऐकू येत नाही. आणि उतारावरून भरलेली मालगाडी येत असेल तर ड्रायव्हरनं तुम्हाला पाहिलं तरी ती तुमच्यापाशी थांबत नाही, तुमच्यापलीकडे कुठंतरी थांबते. हे सांगितलं की उत्तर ठरलेलं असतं: ‘पण सगळेच जातात हो.’ जुलै 2023 मधल्या एका रविवारी खरोखरच सगळे गेले. शेकडो तरुण दूधसागरच्या रुळांवर. रेल्वे पोलिसांनी त्यांतल्या काही जणांना उठाबशा काढायला लावल्या आणि त्याची चित्रफीत देशभर फिरली. मला ती शिक्षा आवडली नाही. पोलिसानं कायद्यानं काय तो दंड करावा, मास्तरकी करू नये. पण त्या कायद्याकडेही एकदा पाहा. रेल्वे कायद्याच्या 147व्या कलमाखाली रुळांवर बेकायदा शिरण्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 1000 रुपयांपर्यंत दंड आहे. कैद कुणाला होत नाही, आणि 1000 रुपये म्हणजे यांच्या रविवारच्या बिअरचा निम्मा खर्च.

गोवा सरकारची तऱ्हा तर औरच. त्याच जुलैमध्ये सांगे तालुक्यातल्या मैनापी धबधब्यावर दोघं बुडाली, आणि मग वनखात्यानं अभयारण्यांतल्या धबधब्यांवर जायला बंदी घातली. मग, म्हणजे बुडाल्यानंतर. पाऊस काही त्या वर्षी पहिल्यांदा पडला नव्हता. इकडे महाराष्ट्रातही तेच. 30 जून 2024 रोजी लोणावळ्यात भुशी धरणाजवळ एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले आणि लगेच जिल्हाभर बंदीआदेश निघाले. 15 जून 2025 रोजी कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीसकट कोसळला आणि चार जण गेले. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथं होताच. फलक लावला की प्रशासनाचं काम संपतं आणि फलकासमोर सेल्फी काढला की पर्यटकाचं. बंदीआदेश काढायला एक कागद लागतो. धबधब्यावर कोणत्या दिवशी किती माणसं सोडायची, वरच्या अंगाला पाऊस झाला तर खालच्यांना कोण आणि कसं सांगणार, शनिवार-रविवारी तिथं माणूस कोण उभा करणार, याला कागदापेक्षा बरंच जास्त लागतं. ते करण्यापेक्षा जुलैत सगळं बंद आणि ऑक्टोबरात सगळं खुलं, हे सोपं. आणि खुलं झाल्यावर मोठा प्रश्न काय, तर जीपचं आरक्षण जीपवाल्यांनी करायचं की पर्यटन महामंडळानं! त्यावरून आंदोलनं झाली. डोहात उतरलेल्या माणसावरून असं आंदोलन झालेलं माझ्या तरी कानावर नाही.

वरच्या पावसाचं तर कुणाला सांगून पटतच नाही. धबधब्याचं पाणी समोरच्या आभाळातून येत नाही, घाटमाथ्यावरच्या रानातून येतं. खाली कोवळं ऊन पडलेलं असतं, पोरं दगडावर मॅगी खात बसलेली असतात, आणि वर कॅसल रॉकच्या बाजूला तासभर धो धो कोसळलेलं असतं. उघडा कातळ, तीव्र उतार. पाणी जिरायला वाव नाही. ते थेट खाली येतं. आमच्याकडची गुराखी पोरंसुद्धा पाण्याचा रंग गढूळला, काटक्या-पाचोळा वाहत यायला लागला, की विचार न करता काठ गाठतात. शहरातून आलेला माणूस नेमका त्याच वेळी ‘काय भारी फोर्स आलाय’ म्हणून फोन बाहेर काढतो.

आणि त्या पाण्यात आपण काय काय सोडतो? कुरकुऱ्यांची पाकिटं, बाटल्या, बाळाचे वापरलेले डायपर. माकडांना वेफर खिलवून त्यांना इतकं निर्लज्ज केलंय की ती आता पिशव्या हिसकावतात, आणि मग त्यांच्याच नावानं ओरड. हे पाणी पुढं जातं कुठं, हे सहलीत कुणी सांगत नाही, मी सांगतो. दूधसागरची नदी खाली खांडेपार होते आणि मांडवीला मिळते. वाटेत ओपा इथं तिचं पाणी उचलून, शुद्ध करून फोंडा आणि पणजीच्या नळांना सोडतात. म्हणजे रविवारी सकाळी ज्या डोहात तुम्ही नको ते केलंत, त्याच नदीचं पाणी पणजीतल्या हॉटेलात तुमच्या पुढ्यात ग्लासातून येतं. शुद्ध केलेलं असतं, काळजी नसावी.

या सगळ्यात मला खरी चीड येते ती ‘निसर्गप्रेमी’ या बिरुदाची. इन्स्टाग्रामवर नावाखाली डोंगराचं चित्र लावलेलं असतं. 2020 मध्ये याच मोलेंच्या जंगलातून रेल्वेचा दुसरा रूळ, रुंद महामार्ग आणि विजेची उच्चदाब वाहिनी नेण्याचे तीन प्रकल्प पुढं आले. गोव्यातले विद्यार्थी, शास्त्रज्ञ, गावकरी त्याविरुद्ध उभे राहिले. त्या नोव्हेंबरात चांदर गावात दुपदरीकरणाविरुद्ध लोक रात्रभर बसून राहिले. सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीनं 2021 मध्ये या कामाला प्रतिकूल अहवाल दिला आणि मे 2022 मध्ये न्यायालयानं कॅसल रॉक ते कुळें या पट्ट्यातल्या दुसऱ्या रुळाची वन्यजीव मंजुरी रद्द केली. दूधसागरभोवतीचं रान आज आहे तसं दिसतं, त्यात त्या लोकांचा मोठा वाटा आहे. माझ्या ओळखीच्या एकाही दूधसागरवीराला यातलं अक्षर माहीत नव्हतं. एकानं तर विचारलं, ‘दुसरा रूळ झाला असता तर गाड्या वाढल्या असत्या ना, मामा?’

कुणी म्हणेल, मामा, तुमच्या दारात आहे म्हणून तुम्ही आम्हाला हाकलता. अजिबात नाही. आमचे बेळगावचे महाभाग पुणेकरांच्या दोन पावलं पुढं आहेत. रुळांवरच्या गर्दीत कानडी आणि मराठी दोन्ही सारख्याच आवाजात ऐकू येतात. जायला माझी ना नाही. पण सहल आखायची तर धबधब्याच्या सोयीनं आखा. एकाच शनिवार-रविवारी समुद्र, देऊळ, बाग, चर्च आणि धबधबा कोंबायचा हट्ट आधी सोडा. कुळेंच्या बाजूला जायचं तर दोन्ही दिवस त्याच बाजूला राहा. तिथं तांबडी सुर्लचं कदंबकालीन महादेवाचं देऊळ आहे, रान आहे, नदी आहे, आणि बागा-कळंगुटची एक टक्काही गर्दी नाही.

जवळून पाहायचं असेल तर ऑक्टोबरचा शेवट किंवा नोव्हेंबर. पाणी अजून भरपूर असतं आणि जीप सुरू झालेली असते. मधल्या वारी जा, पहिल्या जीपनं जा, जॅकेट पूर्ण वेळ अंगावर ठेवा, खायचं काही नेऊ नका. 25 डिसेंबर ते 1 जानेवारी तिकडं फिरकूच नका. त्या आठवड्यात धबधब्यापेक्षा जीपचीच रांग जास्त पाहून होते.

आणि जुलैचाच दूधसागर हवा असेल, त्याचं वेड मलाही आहे, तर तो फक्त गाडीतून. पुण्याहून जाणारी गोवा एक्सप्रेस घाट उतरते ती अंधारात, तेव्हा जाताना काही दिसेल या आशेवर राहू नका. परतीला तीच गाडी वास्कोहून दुपारी सुटते आणि दिवसाउजेडी घाट चढते. वेळापत्रक बदलत असतं, निघण्याआधी तपासून घ्या. गाडी पुलावरून जाते तेव्हा समोर धबधबा असतो, तुषार डब्यात येतात, मिनिटभरात सगळं मागं पडतं. दारात लोंबकळू नका, साखळी ओढू नका. रेल्वेनंही नुसते इशारे देण्यापेक्षा पावसाळ्यात दिवसा घाट चढणाऱ्या गाड्या वाढवाव्यात, तिकीट वाटल्यास दुप्पट लावावं. रुळांवरची निम्मी गर्दी डब्यात येईल.

तोवर तिकीट काढा, खिडकीशी बसा आणि घाट संपल्यावर थेट लोंढ्याला उतरा. एवढं जमत नसेल तर येऊ नका, आणि मला फोनही करू नका.