डिलिव्हरेबल काय?

परवा डबा खाताना टीममधल्या एकाला सांगत होतो, की काही संस्था कलाकाराला राहायला जागा आणि थोडं मानधन देतात, आणि त्याने तिथल्या जुन्या संगीताचा शोध घेऊन त्यातून स्वतःचं नवीन काहीतरी करायचं. रेसिडेन्सी म्हणतात त्याला. साहेबांचा प्रश्न अगदी आपल्या धंद्यातला : "म्हणजे पगारी सुट्टी? डिलिव्हरेबल काय?"

तेव्हा उत्तर सुचलं नाही. घरी आल्यावर सुचतं, नेहमीप्रमाणे. म्हणून हा शनिवारचा उद्योग.

१९६९ साली डेव्हिड ट्यूडर हा अमेरिकन संगीतकार अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये येऊन राहिला. तिथे त्याने मूग सिंथेसायझर बसवून इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा केला. गीता साराभाई, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा अशा मंडळींनी १९७२ पर्यंत तिथे रेकॉर्डिंग केलं. या गीताबेन म्हणजे १९४६ साली न्यूयॉर्कला जॉन केजला भारतीय संगीत शिकवणाऱ्या बाई! विचार करा, आपल्याकडे कॉम्प्युटर नुसता बघायला मिळणं मुश्किल, त्या काळात हे लोक वायरी जोडून नवे आवाज घडवत होते.

पुढे स्टुडिओ बंद पडला. टेप्स संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या. २०१७ मध्ये पॉल पर्गस हा ब्रिटिश कलाकार तिथे पोचला. तो स्वतः इलेक्ट्रॉनिक संगीत करणारा, त्यामुळे कानावर काय पडतंय हे त्याला कळलं. त्यातून २०२० मध्ये बीबीसीसाठी रेडिओ कार्यक्रम झाला, २०२३ मध्ये त्या टेप्सचा अल्बम आला, २०२४ मध्ये पुस्तक आलं, शिवाय त्याची स्वतःची ध्वनिकलाकृतीही झाली. घ्या डिलिव्हरेबल!

गंमत म्हणजे टेप्स हरवल्या नव्हत्याच. होत्या तिथेच होत्या. आपल्याकडे म्हणतात ना, जो बॅकअप कधी रिस्टोअर करून पाहिला नाही तो बॅकअपच नव्हे. संग्रहाचंही तेच. "सगळं डिजिटाइझ करून नेटवर टाका, झालं काम" असं मीही म्हणायचो. पण हजार तासांच्या फायली ऐकणार कोण? त्यासाठी कान तयार असलेला माणूस लागतो, आणि त्याला निवांत वेळ लागतो.

एक गोष्ट मात्र टोचते. हे करायला माणूस ब्रिटनहून यावा लागला. पुण्या-मुंबईच्या एखाद्या पोराला सहा महिने कपाटाची किल्ली आणि घरभाडं कुणी दिलं असतं तर? आपल्या कंपन्यांच्या सीएसआरच्या यादीत कला-संस्कृतीचं जतन कायद्यानेच बसतं. झाडं लावतो तशी एक रेसिडेन्सी द्यायला काय हरकत आहे? एचआरला विचारून तर बघा.

आणि मी कुठला शहाणा? आजोबांनी गणेशोत्सवातल्या मैफिली टेप केल्या होत्या. त्या कॅसेट मी कॉम्प्युटरवर घेतल्या, फोल्डर केला, आणि स्वतःवर खूश झालो. गाणारे कोण, तबल्यावर कोण, काही माहीत नाही. आजोबा गेले. आवाज ओळखणारी एक आत्या उरली आहे, तीही आता थकली.

उद्या लॅपटॉप घेऊन तिच्याकडे जातोय. दिवसभराची रेसिडेन्सी, मानधन म्हणून वरण-भात.

बघा, पटतंय का.