मुक्या बंदुकीचे कैवारी

रायफलीची नळी आखूड करावी आणि तिच्या तोंडाशी आवाजरोधक कायमचा जोडून टाकावा, या कल्पनेचे शस्त्रशौकिनांना मोठे आकर्षण आहे. ते अमेरिकेत जन्मले आणि तिथेच राहिले असते, तर त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु सिंधुदुर्गात रानडुकरांचा विषय निघाला, की ‘शेतकऱ्याला अशी सुटसुटीत, आवाज न करणारी बंदूक का मिळू नये?’ असे विचारणारे सुशिक्षित आता भेटतात. प्रश्न शेतकऱ्याच्या नावाने विचारला जातो. तेव्हा त्याचा समाचारही शेताच्या बांधावर उभे राहूनच घेतला पाहिजे.

आधी अमेरिकेचे पाहू. तिथल्या १९३४च्या कायद्याने आखूड नळीची रायफल आणि आवाजरोधक या दोन्ही वस्तू नोंदणीच्या आणि २०० डॉलर कराच्या कक्षेत आणल्या. रायफलीच्या नळीची मर्यादा आज १६ इंच आहे. १ जानेवारी २०२६पासून तो कर शून्यावर आला. नोंदणी मात्र उरली. गंमत अशी, की आवाजरोधक कायमचा जोडलेला असला तर त्याची लांबी नळीच्या लांबीत धरतात आणि बेरीज १६ इंच भरली की रायफल ‘आखूड’ राहत नाही. मौन गजाने मोजून लांबीच्या खात्यात जमा करायचे, असा हा हिशेब! जी मंडळी या हिशेबातच शस्त्रविद्येचे सार पाहतात, त्यांनी एक साधा प्रश्न विचारलेला नसतो : कायद्याला लांबीची आणि आवाजाची काळजी का वाटली?

उत्तर आपल्या भाषेने केव्हाच देऊन ठेवले आहे. मराठीत बंदुकीत जो भरतात तोही ‘बार’ आणि बंदुकीतून जो ऐकू येतो तोही ‘बार’. दारूगोळा आणि ध्वनी यांना भाषेने वेगळे मानलेच नाही. ज्याचा आवाज झाला नाही तो ‘फुसका बार’. त्याची कुचेष्टाच होते. ठासणीच्या बंदुकीपासून काडतुसाच्या बंदुकीपर्यंत बंदूक चालवणे म्हणजे गावाला ऐकू जाईल असे काही करणे, हा अर्थ या शब्दात मुरलेला आहे.

वालावलसारख्या गावात तो अर्थ प्रत्यक्ष दिसतो. लक्ष्मीनारायणाचे देऊळ, त्याला लागून असलेला तलाव, पलीकडे कर्लीचे पात्र, आणि माडांच्या आड विखुरलेल्या वाड्या. इथे शेजाऱ्याचे घर दिसत नाही. ते ऐकू येते. रात्री बार झाला, की माणसे अंथरुणातूनच कानोसा घेतात : कोणत्या अंगाला झाला, एक की दोन, कुणाच्या मळ्यात? सकाळी विचारणा होते आणि बार काढणाऱ्याला उत्तर द्यावे लागते. हा पहारा कोणत्याही खात्याने नेमलेला नाही. पण तो आहे.

शिवाय पीक राखणाऱ्याला आवाजच हवा असतो. माकडांचा कळप नारळावर उतरला, डुकरे भातात शिरली, तर त्यांना हुसकावून लावणे हे पहिले काम. त्यासाठी तो फटाके लावतो, डबे बडवतो. दोडामार्गाकडे कर्नाटकातून हत्ती आले, तेव्हाही माणसांनी फटाकेच हाताशी धरले. मुकी बंदूक घेऊन तो काय करणार? एक जनावर पडेल आणि बाकीची चरत राहतील! मुक्या बंदुकीची गरज राखणदाराला नसते. ती रात्री डोक्याला बॅटरी बांधून मांसासाठी रानात शिरणाऱ्याला असते.

आमच्या १९५९च्या शस्त्रकायद्याच्या सहाव्या कलमाने बंदुकीची नळी परवान्यावाचून आखूड करण्यास मनाई केली आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याला किमान सात वर्षे आणि कमाल जन्मठेप अशी शिक्षा आहे. लांब नळी खांद्यावर दिसते, आखूड नळी कपड्याखाली जाते. आवाजरोधक कानाला फसवतो, आखूड नळी डोळ्यांना. दोन्ही करामती शेजाऱ्याला साक्षीदाराच्या जागेवरून उठवतात. त्या एकाच शस्त्रात कायमच्या जोडणे म्हणजे साक्ष मोडण्याची पक्की सोय करणे होय.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला कानांच्या आरोग्याचा. नॉर्वे-फिनलंडमध्ये शिकारी आवाजरोधक वापरतात, हे खरे आहे. आवाजरोधकाने बंदूक मुकी होत नाही, आवाज वीस-पस्तीस डेसिबलने उतरतो, हेही खरे. पण तिथे शिकार ही नियमबद्ध, उघड व्यवस्था आहे. आपल्याकडे वन्यजीवांची शिकार १९७२च्या कायद्याने मुळातच निषिद्ध आहे. कानांची काळजी असेल तर कानात बोळे घालावेत.

दुसरा आक्षेप स्वाभिमानाचा : शस्त्रबंदी ही इंग्रजांची देणगी! लिटनच्या काळातील १८७८च्या कायद्याने प्रजेला निःशस्त्र केले, ही जखम खोटी नाही. परंतु गावापासून लपवता येईल असे शस्त्र मागणे म्हणजे स्वातंत्र्य मागणे नव्हे.

शेतकऱ्याचे दुःख खरे आहे, आणि म्हणूनच त्याच्या नावाचा हा वापर चीड आणतो. निवडणूक आली की परवान्याची बंदूक पोलीस ठाण्यात जमा करण्याची नोटीस येते; डुकरांना आचारसंहिता लागू नसते. २०२२च्या दुरुस्तीनंतरही रानडुक्कर संरक्षित यादीत आहे. उभ्या पिकाला धोका असेल तर त्याला मारण्याची परवानगी देण्याची तरतूद अकराव्या कलमात आहे; ती परवानगी पीक उभे असताना हाती पडली पाहिजे. भरपाई वेळेवर मिळावी. राखणदाराची बंदूक सरसकट जमा न करता प्रत्येक प्रकरण तपासावे. मागायचे असेल तर हे मागा, आणि मोठ्या आवाजात मागा.

मुके हत्यार कसे असते, हे सिंधुदुर्गाला शिकवण्याची गरज नाही. फासकी मुकीच असते. ती डुकरासाठी लावतात आणि तिच्यात बिबट्या तडफडत सापडतो. कुणी लावली, हे विचारायला जावे तर सारी वाडी गप्प. त्या गप्पपणाला आता नळी बसवून द्यायची आहे काय?