थेंबाथेंबाने वाढणारे देणे

खारघरच्या उंच इमारती मागे पडल्या की ओवे गाव लागते. पनवेल महानगरपालिकेच्या हद्दीतील या परिसरात दुकानासमोर उभी असलेली जुनी डिझेल मोटार हे नेहमीचे दृश्य आहे. आठवडाभर वाशीच्या घाऊक बाजाराच्या फेऱ्या आणि सणासुदीला घाट चढून पुण्याच्या आप्तांकडे, अशी तिची सेवा चालते. एके सकाळी तिच्याखाली फरशीवर काळा डाग दिसतो. गॅरेजमधील मिस्त्री वाकून पाहतो व सांगतो, “शेठ, इंजिनाचे मागचे ऑईल सील गेले, गिअरबॉक्स उतरवावा लागेल.” खर्चाचा आकडा ऐकून मालक काम दिवाळीनंतरवर ढकलतो. येथे दोन चुका संभवतात. एक निदानाची आणि दुसरी विलंबाची.

पेट्रोलच्या इंजिनात हवेच्या वाटेवर झडप असते. ती मिटलेली असताना आत निर्वात दाब निर्माण होतो आणि त्याच्या बळावर ब्रेकचा बूस्टर चालकाच्या पायाला साहाय्य करतो. डिझेल इंजिन मात्र हवा मोकळेपणी ओढते. तेथे हा दाब आपोआप मिळत नाही. म्हणून त्यास स्वतंत्र व्हॅक्यूम पंप द्यावा लागतो. टाटांच्या पहिल्या डिझेल इंडिकात तो अल्टरनेटरच्या पाठीशी बसवलेला असे. पुढे फियाटच्या 1.3 लिटर मल्टिजेट इंजिनात तो सिलिंडर हेडच्या टोकाला, गिअरबॉक्सच्या बाजूस आला आणि कॅमशाफ्टवर फिरू लागला. हेच इंजिन स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, इंडिका व्हिस्टा, मांझा, पुंटो आणि लिनिया या मोटारींत बसले. पुण्याजवळील रांजणगावच्या कारखान्यातही ते तयार होत असे.

पंपाच्या आतील पाती इंजिनाच्याच तेलात फिरतात. पंप व हेड यांच्यामधील सांधा एक लहानसे गॅस्केट राखते. गॅरेजमध्ये त्यास ‘पॅकिंग’ म्हणतात. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ते कडक होते व तेल पाझरू लागते. ते ओघळून गिअरबॉक्सच्या वरच्या भागावर उतरते आणि क्लचच्या कवचावरून खाली ठिबकते. मागचे सील गेले तरी डाग नेमका तेथेच पडतो. म्हणून गिअरबॉक्स उतरवण्यापूर्वी एक साधी तपासणी आग्रहाने करवून घ्यावी. तो भाग स्वच्छ पुसावा, एक-दोन दिवस गाडी चालवावी आणि मग बॅटरी लावून वरून पाहावे. ओल पंपाच्या सांध्यापासून सुरू झाली असेल, तर दोष पॅकिंगचा. पंप कोरडा आणि ओल केवळ खालीच असेल, तरच सीलचा विचार करावा. खातेवहीत फरक आढळला तर प्रथम नोंद तपासतात, संपूर्ण वही नव्याने लिहीत नाहीत.

दुरुस्ती थंड इंजिनावर करावी. हवेच्या फिल्टरची पेटी बाजूला करून पंपाची निर्वात नळी सोडवावी, बोल्ट काढावेत आणि पंप सरळ ओढावा. उघड्या छिद्रात कचरा पडू नये म्हणून स्वच्छ फडके लावावे. जुन्या पॅकिंगचे अवशेष प्लास्टिकच्या पट्टीने खरवडावेत. लोखंडी पात्याने ॲल्युमिनियमवर चरे पडतात व गळती पुन्हा सुरू होते. पंप बसवताना त्याचा दाता कॅमशाफ्टच्या खाचेत नीट उतरला पाहिजे. न जुळता बोल्ट आवळून तो ओढून घेतल्यास पंप तुटतो. बोल्ट आळीपाळीने, पुस्तिकेत सांगितलेल्या जोराने आवळावेत. नव्या पॅकिंगऐवजी सिलिकॉनचा जाड थर देणे ही बचत नव्हे; सुटलेला तुकडा तेलाची वाट अडवू शकतो.

काम झाल्यावर मालकाने स्वतः एक परीक्षा घ्यावी. इंजिन बंद ठेवून ब्रेकचे पेडल कडक होईपर्यंत दाबावे, पाय तसाच ठेवून इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली गेले, तर पंप, नळी व बूस्टर कामावर आहेत. त्यानंतर तेलाची पातळी पाहावी आणि आठवड्याने सांधा पुन्हा तपासावा.

पॅकिंगच्या गळतीने ब्रेक तत्काळ जात नाही, हे खरे. परंतु तेल घटत गेले की पंप, टर्बो आणि तेलाच्या दाबावर ताणली जाणारी टायमिंग चेन या सर्वांची उपासमार होते. पंप निकामी झाल्यास पेडल दगडासारखे लागते आणि गाडी थांबायला लागणारे अंतर वाढते. बोरघाट उतरताना त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. डिझेल वाचवण्यासाठी घाटात इंजिन बंद करून गाडी सोडून देणारे चालक हेच संकट स्वहस्ते ओढवून घेतात. इंजिन थांबले की पंपही थांबतो आणि उरलेला निर्वात दाब दोन-तीन वेळा पेडल दाबताच संपतो.

उरलेले जुने तेल गटारात ओतू नये. 2016 च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडते. अधिकृत पुनर्प्रक्रियेसाठी तेल गोळा करणाऱ्या गॅरेजकडेच ते द्यावे. पाण्यातील जीवांची यतना हाही त्याच हिशेबाचा भाग आहे.

नोंदणीची 15 वर्षे भरली की गाडी ठेवावी की काढावी, हा प्रश्न प्रत्येक घरात निघतो. त्याचे उत्तर काहीही असो, ज्या गाडीत मुलेबाळे व वृद्ध मातापिता बसतात, तिच्याखालचा थेंब उद्यावर टाकू नये. व्यापारी लहान देणे वेळेवर फेडतो, कारण थकलेल्या देण्यावर व्याज चढते. या थेंबाचे व्याज घाटातील एका वळणावर वसूल होऊ शकते.